वाऱ्याचा वेग मोजायचाय? सेन्सरच्या आधी गच्ची बघा

घरच्या हवामान केंद्राची सुरुवात बहुधा तापमानापासून होते. एक सेन्सर, तीन वायरी, दहा-बारा ओळींचा प्रोग्राम, आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर आकडा दिसायला लागतो. मग आर्द्रता येते, हवेचा दाब येतो, पावसाळा तोंडावर आला की पर्जन्यमापकाची आठवण होते. वाऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं. तापमानाचा सेन्सर उन्हात टांगला तर आकडा बघूनच संशय येतो. वाऱ्याचं तसं नाही. चुकीच्या जागी लावलेला सेन्सर वर्षभर बिनदिक्कत खोटं सांगतो, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.

माझा पहिला वारामापक जुन्या सीडी प्लेयरच्या मोटरवर प्लास्टिकच्या चेंडूच्या अर्धुकल्या चिकटवून झाला होता. मोटर फिरली की वीज तयार होते, वीज मोजली की वेग कळतो, असं सोपं गणित. त्यानं तीन आठवडे एकच गोष्ट सांगितली: आमच्या गावात वाराच नाही. समोरच्या शेवग्याची पानं सळसळत होती, दोरीवरचे कपडे फडफडत होते, आणि पडद्यावर शून्य. मोटरमधल्या ब्रशचं घर्षण एवढं होतं, की साधी झुळूक त्या वाट्यांना हलवूच शकत नव्हती. त्यानंतर मी तीन सेन्सर बदलले. तेव्हा उशिरा कळलेलं इथं क्रमानं सांगतो.

पहिलं काम: कशासाठी मोजायचं ते ठरवा

हा प्रश्न बहुतेक जण टाळतात आणि थेट ऑनलाइन दुकानात शिरतात. पण सेन्सर किती उंचीवर लावायचा, किती बारीक मोजायला हवं, पैसे किती घालायचे, हे सगळं याच उत्तरावर ठरतं.

शेतीसाठी हवं असेल, म्हणजे पिकाला रोज किती पाणी द्यायचं याचा हिशोब करायचा असेल, तर तुम्हाला जमिनीपासून २ मीटरवरचा वारा लागतो. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची बाष्पीभवन काढायची प्रमाण पद्धत, जिला पेनमन-माँटिथ समीकरण म्हणतात, ती २ मीटरवरचाच वेग धरते. तेव्हा बागेत मोकळ्या जागी, डोक्याच्या थोडं वर लावलेला सेन्सर हा जुगाड नाही, तीच त्याची बरोबर जागा. १० मीटरवरचा आकडा हाताशी असेल तर त्याला ०.७५ नं गुणायचं, की २ मीटरवरचा अंदाज मिळतो. फवारणीसाठीही खालचाच वारा कामाचा, कारण औषधाचे थेंब तिथंच उडतात.

छंद म्हणून मोजायचं असेल आणि आपले आकडे हवामान खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवून बघायचे असतील, तर प्रमाण उंची १० मीटर, तीही मोकळ्या सपाट जागेवर. जागतिक हवामान संघटनेच्या प्रथेनुसार वाऱ्याचा वेग १० मिनिटांच्या सरासरीनं सांगतात आणि झोत ३ सेकंदांच्या सरासरीनं. हे दोन आकडे वेगळे आहेत एवढं आत्ताच लक्षात ठेवा, प्रोग्राम लिहिताना त्यांची गाठ पडणार आहे.

लहान पवनचक्की लावायचा विचार असेल, तर चक्कीचा पंखा जिथं येणार त्याच उंचीवर मोजा आणि निदान वर्षभर मोजा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानं वाढते. वेग मोजताना १० टक्के चूक झाली तर ऊर्जेचा अंदाज तीसेक टक्क्यांनी चुकतो. जूनपासून ऑगस्टपर्यंतचे नैऋत्य वारे बघून हुरळलेला माणूस नोव्हेंबरात कपाळाला हात लावतो.

एककं एकदा डोक्यात बसवून घ्या. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किमी. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी. परदेशी सेन्सरच्या कागदावर मैल असतात, १ मैल म्हणजे १.६१ किमी. अर्ध्या चुका इथंच होतात.

गच्चीवर जाऊन या

सेन्सर मागवण्याआधी एक संध्याकाळ जागा बघण्यात घालवा. नियम असा आहे, की अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरावर सेन्सर असावा. म्हणजे ८ मीटर उंच कडुनिंबापासून ८० मीटर लांब. पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात कुणाच्या गच्चीवर हे जमणार? कुणाच्याच नाही. पण नियम माहीत असला की आपण किती तडजोड करतोय ते तरी कळतं.

गच्चीवरचा मोठा शत्रू म्हणजे पाण्याची टाकी. तिच्या आडोशाला एका दिशेचा वारा जवळपास गायब होतो. दुसरा शत्रू कठडा. भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो, कठड्यापाशी त्याचा भोवरा होतो, आणि तिथं लावलेल्या वाट्या कधी भरमसाट जोरात तर कधी उलटसुलट झोतात अडखळत फिरतात. म्हणून कठड्याला टेकवून पाइप बांधणं सोयीचं असलं तरी ती जागा वाईट. शक्यतो गच्चीच्या मधोमध, टाकीच्या माथ्यापेक्षा बराच वर, निदान दोन-तीन मीटर. टाकीच्या लोखंडी सांगाड्यालाच पाइप बांधून सरळ वर नेला तर दोन्ही कामं होतात. दीड इंची जीआय पाइप आणि तीन बाजूंनी तारेचे ताण दिले तर तो डोलत नाही. डोलणाऱ्या खांबावरचा सेन्सर वाऱ्यासोबत स्वतःचा डोलही मोजतो.

जागा तपासायची एक फुकट युक्ती आहे. बांबूच्या टोकाला सुती रिबन बांधा आणि वारा असताना गच्चीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत, वेगवेगळ्या उंचीवर धरा. जिथं रिबन आडवी आणि स्थिर फडकते ती जागा चांगली. जिथं ती गिरक्या घेते, वर-खाली उडते, तिथं लाख रुपयांचा सेन्सर लावला तरी उपयोग नाही.

आणि हे गमतीत घेऊ नका: पाइप आडवा पडला तर विजेच्या तारेपर्यंत पोचेल अशा ठिकाणी तो उभा करायचाच नाही. तारेचं अंतर पाइपाच्या लांबीपेक्षा चांगलं जास्त हवं. आभाळ भरून आलेलं असताना वर चढायचं नाही. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या विजा कशा पडतात हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

वाट्या, पंखा, आवाज की तापलेली तार

आता सेन्सर. वेग मोजायच्या पद्धती अनेक असल्या तरी घरच्या केंद्रासाठी खरी निवड दोन-तीनांतच आहे.

वाट्यांचा वारामापक सगळ्यांनी पाहिलेला असतो. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचं यंत्र पुढं आणलं. १९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटर्सन यांनी चाराच्या तीन वाट्या केल्या, आणि आजही बाजारात तीनच दिसतात. तीन वाट्यांमध्ये फिरवणारा जोर फेरीभर जास्त एकसारखा राहतो आणि यंत्र झोताला लवकर प्रतिसाद देतं. तत्त्व साधं आहे. वाटीच्या पोकळ बाजूला वारा जास्त अडतो, फुगीर बाजूवरून निसटतो, म्हणून चक्र एकाच दिशेनं फिरतं. वारा कुठूनही आला तरी चालतो, त्यामुळं दिशा शोधायला शेपूट लागत नाही.

रॉबिन्सन यांची समजूत होती, की वाटी नेहमी वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानं फिरते, मग ती केवढीही असो. ते पुढं चूक ठरलं. हे प्रमाण वाटीच्या आणि दांडीच्या आकारावर अवलंबून असतं, आणि वाऱ्याचा वेग वाटीच्या वेगाच्या साधारण दोन ते तीनपटीच्या मध्ये कुठंतरी येतो. घरी वाट्या बनवणाऱ्यानं म्हणूनच तयार आकड्यावर विसंबू नये. वाटीचा आकार बदलला की गुणक, म्हणजे फिरण्यावरून वाऱ्याचा वेग काढायला ज्यानं गुणायचं तो आकडा, बदलला.

या यंत्रात एक खोट आहे. वाट्या झोत आला की पटकन वेग घेतात, पण झोत ओसरल्यावर तेवढ्या पटकन मंदावत नाहीत. त्यामुळं धसमुसळ्या वाऱ्यात सरासरी थोडी जास्तच दिसते. वाट्या हलक्या असतील तर हा दोष कमी. म्हणून स्टीलच्या पळ्यांचं दणकट चक्र दिसायला कितीही भारी असलं तरी मोजायला ते वाईटच.

पंख्याचा प्रकार, म्हणजे विमानासारखं शेपूट आणि पुढं फिरणारा पंखा, वेग आणि दिशा एकाच यंत्रात देतो. अमेरिकेतल्या आर. एम. यंग कंपनीचं असं यंत्र जगभरच्या केंद्रांवर दिसतं. उत्तम आहे, पण किंमत व्यावसायिक आणि घरी बनवायला अवघड. पुढं जाऊ.

अल्ट्रासोनिक सेन्सरमध्ये फिरणारं काहीच नसतं. दोन टोकांमध्ये ध्वनी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पाठवतात. वाऱ्यासोबत जाणारा लवकर पोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा, आणि त्या फरकातून वेग निघतो. ऐकून वाटतं, की अंतर मोजायच्या स्वस्त मॉड्यूलवर आपणही हे करू. जरा हिशोब करा. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १० सेंटीमीटर पार करायला सुमारे २९१ मायक्रोसेकंद. सेकंदाला १ मीटर वाऱ्यानं त्यात फरक पडतो जेमतेम ०.८५ मायक्रोसेकंदाचा. ते स्वस्त मॉड्यूल एवढं बारीक बघू शकत नाही. छंद म्हणून झगडायला हा प्रकल्प झकास, पहिला सेन्सर म्हणून नाही. तयार मिळणारे अल्ट्रासोनिक चांगले असतात. टेम्पेस्ट किंवा इकोविटचं डब्ल्यूएस ९० ही घरगुती केंद्रं याच तत्त्वावर चालतात. बेअरिंग झिजायची भानगड नाही आणि मंद झुळूकही दिसते. पण मुसळधार पावसात थेंब साचले किंवा आत कोळ्यानं जाळं विणलं तर आकडा भरकटतो, आणि बिघडलं तर घरी दुरुस्त होत नाही.

तापलेल्या तारेचा सेन्सर: वारा तार थंड करतो, किती थंड केली त्यावरून वेग. खोलीतल्या हवेसाठी, एसीच्या झोतासाठी हा फार संवेदनशील. उघड्यावर पावसाचा एक थेंब पडला की तार एकदम गार होते आणि तुमच्या गच्चीवर चक्रीवादळ येतं. बाहेर लावूच नका.

मोटरचा जुगाड मी वर सांगितलाच. शाळेच्या प्रदर्शनात टाळ्या मिळतात. त्यापुढं नाही.

तर पहिला सेन्सर तीन वाट्यांचा घ्या. माझं मत स्पष्ट आहे.

वायरमधून काय बाहेर येतं

एकाच आकाराचे तीन सेन्सर शेजारी ठेवले तरी त्यांची भाषा वेगळी असू शकते. नवखा माणूस फसतो तो इथं, कारण फोटोत सगळे सारखेच दिसतात.

पल्स देणारा सेन्सर सगळ्यात साधा. आत चुंबक फिरतं आणि त्याच्या ओढीनं रीड स्विच नावाचं छोटं स्विच उघड-बंद होतं. सायकलच्या स्पीडोमीटरमध्ये असतं तेच. दोन वायरी, वीजपुरवठा नको, मोजायचं एवढंच की सेकंदाला किती वेळा टक् झालं, एक टक् म्हणजे एक पल्स. वेग, दिशा आणि पाऊस असं त्रिकूट एकत्र मिळतं त्या लोकप्रिय किटमध्ये हाच प्रकार असतो, आणि त्याचा गुणक आहे: सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.४ किमी. डेव्हिस कंपनीच्या वाट्यांचा गुणक सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.२५ मैल, अर्थात ३.६२ किमी. डेव्हिस महाग आहे, पण टिकाऊ आहे आणि सुटे भाग मिळतात. रीडऐवजी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारी चिप, असलेले पल्स प्रकारही येतात. त्यांत झिजणारा स्पर्श नसतो, पण त्यांना सतत थोडी वीज लागते. स्वतः बनवणारे ए३१४४ हा जुना हॉल सेन्सर वापरतात. त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, तो ३.३ व्होल्टवर जोडून 'चालत नाही' म्हणू नका.

व्होल्टेज देणारा सेन्सर वेगाप्रमाणं व्होल्ट बदलतो. अ‍ॅडाफ्रूट कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा सेन्सर याचं नेहमीचं उदाहरण: वारा शून्य असताना ०.४ व्होल्ट, सेकंदाला ३२.४ मीटर असताना २ व्होल्ट. त्याला ७ ते २४ व्होल्टचा पुरवठा लागतो, म्हणजे मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट पुरत नाहीत. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करायच्या बोर्डवर मोजलं तर एका पायरीला सेकंदाला सुमारे ०.१ मीटर एवढी बारकी मिळते, ते पुरेसं आहे. पण लांब वायरीत व्होल्ट गळतात, त्यात घरातल्या विजेचा गोंगाट मिसळतो. आणि ईएसपी ३२ या वायफायवाल्या बोर्डवर मोजणार असाल तर त्याचं व्होल्टेज वाचन सरळ रेषेत नसतं, शिवाय वायफाय चालू असताना त्यातल्या काही पिना या कामाला वापरताच येत नाहीत.

आरएस-४८५ या लांब वायरीच्या जोडणीवाला सेन्सर स्वतःच आकडा मोजून मॉडबस या यंत्रांच्या ठरलेल्या भाषेत पाठवतो. वायर शेकडो मीटर लांब असली तरी बिघडत नाही, म्हणून शेतात विहिरीपाशी सेन्सर आणि घरात यंत्र असेल तर हाच घ्या. त्यालाही १२ व्होल्टच्या आसपासचा पुरवठा लागतो आणि मध्ये एक छोटं मॉड्यूल लागतं. ते ३.३ व्होल्टवर चालणारं बघून घ्या, नाहीतर ईएसपी ३२ च्या पिनेवर ५ व्होल्ट जातील. खरेदी करताना विक्रेत्याकडून रजिस्टरचा तक्ता, म्हणजे कुठला आकडा कितव्या कप्प्यात मिळतो त्याची यादी, आधी मागा. तक्ता नसेल तर तो सेन्सर म्हणजे कुलूप आहे पण किल्ली नाही.

बॅटरी आणि छोट्या सौर पॅनलवर चालवायचं असेल तर रीड स्विचला तोड नाही. तो स्वतः वीज खातच नाही.

माहितीपत्रकात काय वाचायचं

विक्रेते कमाल वेग ठळक छापतात. तुम्ही आधी किमान वेग शोधा, म्हणजे वाट्या किती वेगाला हलायला लागतात. आपल्याकडं हिवाळ्यातल्या रात्री कित्येक तास वारा सेकंदाला मीटरभरही नसतो. दीड मीटरला हलणाऱ्या सेन्सरवर या सगळ्या रात्री शून्य दिसतील. अर्ध्या मीटरच्या आसपास सुरू होणारा मिळाला तर छान.

कमाल वेगाचा विचार कोकणात करावाच लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा ते 'तीव्र चक्रीवादळ' या वर्गात होतं. हवामान खात्याच्या वर्गवारीत या गटातला टिकून राहणारा वारा ताशी ८९ ते ११७ किमी असतो, झोत त्याच्याही वर. वरच्या ३२.४ मीटरवाल्या सेन्सरची मर्यादा ताशी ११६ किमीच्या आसपास येते. म्हणजे ज्या दिवशी आकडा खरोखर हवा, नेमक्या त्याच दिवशी तो हात वर करणार. देशावर आतल्या भागात एवढी चिंता नको.

मग येतो गुणक. तो नसेल तर सेन्सर घेऊच नका. आणि असेल तर नीट वाचा: तो पल्सचा आहे की फेरीचा? अनेक सेन्सर एका फेरीत दोन पल्स देतात. ही गल्लत झाली की सगळे आकडे बरोबर अर्धे किंवा दुप्पट येतात. हे घरी पाच मिनिटांत तपासता येतं. मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवा, सेन्सरच्या दोन वायरींना लावा आणि चक्र बोटानं हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा. किती वेळा बीप वाजलं ते मोजा.

दुसरी पडताळणी पट्टीनं. अक्षापासून वाटीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ७ सेंटीमीटर आलं. घेर झाला ४४ सेंटीमीटर. सेकंदाला एक फेरी म्हणजे वाटीचा वेग सेकंदाला ०.४४ मीटर, आणि वारा त्याच्या साधारण २.२ ते ३ पट, म्हणजे ताशी साडेतीन ते पावणेपाच किमी. कागदावर २.४ लिहिलं असेल तर तो आकडा फेरीचा असूच शकत नाही, पल्सचा आहे. एवढं अंकगणित केलं असतं तर माझा पहिला पावसाळा वाया गेला नसता. मी चार महिने अर्धा वारा नोंदवला.

बेअरिंग हाताला कळतं. सेन्सर उभा धरून वाट्यांवर हलकी फुंकर मारा, हलल्या पाहिजेत. मग बोटानं फिरवून सोडा. चक्र हळूहळू, न अडखळता थांबलं पाहिजे, आणि दर वेळी वेगळ्या जागी. नेहमी एकाच जागी थांबत असेल तर वाट्यांचा तोल नाही. किनाऱ्यालगत राहत असाल तर साध्या लोखंडी स्क्रूंच्या जागी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू टाका, खारा वारा बाकी सगळं खातो. थ्रीडी प्रिंटरवर वाट्या छापणार असाल तर पीएलए नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गडद रंगाच्या वाट्या तिथवर सहज पोचतात. एएसए प्लास्टिक ऊन सोसतं.

जोडणी

रीड स्विचची एक वायर ग्राउंडला, दुसरी पिनेला, आणि पिनेपासून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर, म्हणजे स्विच उघडा असताना पिनेला त्या व्होल्टवर धरून ठेवणारा. आर्डुइनो उनोवर त्या जागी ५ व्होल्ट, आणि पीन २ किंवा ३ वापरा, कारण इंटरप्ट, म्हणजे पल्स येताच प्रोग्रामला हाक मारणारी सोय, तिथंच सोयीची. ईएसपी ३२ वर ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिनांना आतला पुलअप नसतो. तिथं बाहेरून रेझिस्टर लावला नाही तर आकडे वाट्टेल तसे नाचतात.

रीड स्विच बंद होताना एकदाच बंद होत नाही, क्षणात चार-पाचदा थरथरतो. प्रोग्रामनं प्रत्येक थरथर मोजली तर झुळुकीचं वादळ होतं. उपाय म्हणजे डिबाउन्स: एक पल्स आल्यावर पुढचे ५ मिलिसेकंद काही आलं तरी सोडून द्यायचं. २.४ च्या गुणकात ताशी १२० किमीला सेकंदाला ५० पल्स, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक. तेव्हा ५ मिलिसेकंदांत खरा पल्स हरवत नाही. पिनेपाशी ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर ग्राउंडला लावला तर आणखी शांतता. माझ्याकडं एकदा शांत दुपारी ताशी १९० किमीचा झोत नोंदला गेला होता. शोधता शोधता कळलं, की सेन्सरची वायर पाण्याच्या मोटरच्या वायरीला खेटून खाली आणली होती. मोटर सुरू झाली की वादळ. वायर मोटरच्या वायरीपासून दूर नेली, कपॅसिटर लावला, वादळ थांबलं.

मोजणी अशी करा. दर सेकंदाचे पल्स वेगळे साठवा. शेवटच्या तीन सेकंदांची बेरीज भागिले तीन, गुणिले गुणक, हा तात्कालिक वेग. दहा मिनिटांत त्यातला सगळ्यात मोठा तो झोत. आणि दहा मिनिटांचे सगळे पल्स भागिले ६०० सेकंद, गुणिले गुणक, ही सरासरी. समजा दहा मिनिटांत १५०० पल्स आले, तर सेकंदाला अडीच, म्हणजे २.४ च्या गुणकानं ताशी ६ किमी. पाच मिनिटांत एकदा डोकावून त्या क्षणीचा वेग लिहायचा प्रकार करू नका. ती सरासरीही नाही आणि झोतही नाही.

किटसोबत दिशेचं शेपूट आलं असेल तर एक सूचना: दिशांची साधी सरासरी काढायची नाही. ३५० अंश आणि १० अंश यांची सरासरी साध्या गणितानं १८० येते, म्हणजे उत्तरेच्या वाऱ्याला तुम्ही दक्षिणेचा ठरवता.

खरं सांगतो का ते बघणं

प्रयोगशाळेत सेन्सर वाऱ्याच्या बोगद्यात तपासतात. आपल्याकडं बोगदा नाही, पण गाडी आहे. वारा पूर्ण पडलेला असतो अशी पहाट निवडा, मोकळा सरळ रस्ता निवडा. सेन्सर काठीला बांधून गाडीच्या टपापेक्षा निदान मीटरभर वर पक्का करा, टपाला खेटून ठेवला तर उसळलेला वारा मोजाल. दुचाकीवर मागं बसून हातात धरायचा मोह होतो. चालवणाऱ्याच्या पाठीमागचा वारा कसा असतो ते थंडीत गाडीवर मागं बसलेल्याला विचारा. चालवणारा एक आणि नोंद करणारा दुसरा, असे दोघं हवेतच. ताशी २०, ३०, ४०, ५० अशा स्थिर वेगांना मिनिटभर पल्स मोजा. वेग मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या, गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो. प्रत्येक वेग दोन्ही दिशांनी करा आणि सरासरी घ्या, म्हणजे उरलासुरला वारा वजा होतो.

आलेखावर सेकंदाला किती पल्स ते आडवे, वेग उभा. ठिपके सरळ रेषेत यायला हवेत. रेषेचा चढ हा तुमचा खरा गुणक, आणि ती शून्यातून न जाता थोडी वरून जाते तो घर्षणाचा हिस्सा. तो प्रोग्राममध्ये मिळवा, पण पल्स शून्य असताना नाही, नाहीतर निवांत रात्रीही वारा दिसत राहील.

गच्चीवर चढवल्यावर रोजची पडताळणी डोळ्यांनी होते. ब्यूफोर्टचं जुनं मापक यासाठी झकास आहे. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९ किमी. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की २० ते २८. छत्री सांभाळणं मुश्किल झालं की ३९ ते ४९. शेजारचा माणूस छत्रीशी झटापट करतोय आणि तुमचा पडदा ८ दाखवतोय, तर सेन्सरवर नाही, आधी जागेवर संशय घ्या.

उंचीचं गणित जपून करा. मोकळ्या माळावर ३ मीटरवरचा आकडा १.१८ नं गुणला तर १० मीटरचा अंदाज येतो. सोसायटीच्या गच्चीवर हा गुणाकार करू नका. इमारतींच्या गर्दीत वारा त्या सूत्राला जुमानत नाही.

पावसाळ्याआधी एकदा वर चढा

मे महिन्यात एकदा सेन्सर खाली काढा. वाट्यांच्या देठाशी कोळ्याची जाळी असतात. खालच्या पोकळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि तिच्या घरानं चक्र कधीकधी पूर्ण जाम होतं. बेअरिंग फिरवून बघा. खरखर लागली तर तेलाच्या भानगडीत न पडता बदला, लहान बेअरिंग स्वस्त असतं. प्लास्टिकच्या वाट्या पांढुरक्या पडल्या असतील तर नखानं दाबून बघा, तडकत असतील तर नव्या. वायरीचा जोड घट्ट टेपनं गुंडाळण्यापेक्षा डबीत ठेवा आणि वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी त्या वळणावरून टपकून जातं, आत शिरत नाही.

शक्य असेल तर गच्चीवरून घरात वायर आणूच नका. ईएसपी ३२, बॅटरी आणि छोटं पॅनल वरच्याच डबीत ठेवून वायफायनं आकडे खाली पाठवा. जवळ वीज पडली तर एक डबी जाते, घरातला संगणक आणि राउटर वाचतो.

त्याच डबीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून ठेवा: सेन्सरची उंची, टाकी आणि झाडं किती लांब आणि कुठल्या दिशेला, गुणक किती आणि तो कसा काढला, बेअरिंग कधी बदललं. दोन वर्षांनी पश्चिमेचा वारा अचानक कमी का झाला असा प्रश्न पडेल, तेव्हा त्या कागदावरून कळेल, की शेजाऱ्यांनी मधल्या काळात नवा मजला चढवलाय.